जोकरचे डोळे आणि रेषांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कार्टून मालिकांच्या नव्या अवतारांवर आपल्या रविवार पुरवणीच्या वाचकपत्रांत बरीच आगपाखड चालू आहे. सूर साधारण एकच: नवी पात्रं बाळबोध दिसतात, सगळ्यांची तोंडं सारखी, हातपाय शेवयांसारखे, डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके, आणि हे सगळं चित्रकार आळशी झाल्यामुळे. आम्ही काही वाचक ॲनिमेशनच्या कामातलेच आहोत. यातली निम्मी तक्रार आम्हालाही मान्य आहे. उरलेली निम्मी मात्र भलत्याच माणसाच्या नावावर फाडली जाते, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. २२ मिनिटांच्या एका भागाच्या झाल्या ३१,६८०. टीव्हीसाठी साधारणपणे एक चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे १५,८४० चित्रं. नायक त्यातल्या निम्म्या वेळी पडद्यावर हलतो असं समजलं, तर त्याची ८,००० च्या आसपास चित्रं झाली. आता त्याच्या पट्ट्यावर एक जादा रेषा द्या. कच्च्या चित्रावरून ती पक्की करायला १० सेकंद धरले, तरी ८,००० चित्रांचे ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तास होतात. एकाच रेषेचे! पट्टा, बक्कल, दंडावरची कडी आणि केसांच्या चार बटा मिळून दहा रेषा वाढल्या, तर २२० तास. दिवसाला आठ तास धरले, तर एका माणसाचं महिन्याभराचं काम, तेही एका भागात, एका पात्रासाठी. प्रत्यक्षात बरीच चित्रं स्थिर धरून ठेवतात, नुसतं तोंड हलवतात, त्यामुळे आकडा खाली येतो. पण तो खाली आणायचे मार्ग दोनच आहेत. रेषा कमी करा, नाहीतर हालचाल कमी करा. टीव्हीच्या पैशात भरपूर रेषा आणि भरपूर हालचाल दोन्ही परवडत नाहीत आणि कधीच परवडत नव्हत्या.

हे पटत नसेल, तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर बघितलेला ‘ही-मॅन’ पुन्हा काढून बघावा. शरीर पीळदार, स्नायू जागच्या जागी, पट्टे, बूट, केस सगळं भरगच्च. पण तो धावतो कसा? प्रत्येक भागात तसाच धावतो. तोच पाय, तोच कोन, खाली फक्त पार्श्वभूमी बदललेली. ती मालिका काढणाऱ्या फिल्मेशन कंपनीने खऱ्या माणसांच्या हालचाली चित्रित करून त्यावरून रेखाटल्या, त्यांचा साठा केला आणि धावणं, वळणं, ठोसा मारणं हे सगळं त्या साठ्यातून पुन्हा पुन्हा वापरलं. दोन हंगामांत मिळून १३० भाग निघाले ते असे. १९८५ ची ‘शी-रा’ त्याच साच्यातली. २०१८ मध्ये ती नव्या रूपात आली, तेव्हा ‘जुनी किती देखणी होती’ म्हणून लोक चिडले. थांबलेल्या चित्रापुरतं ते खरंच आहे. पण मालिका थांबवून बघायची वस्तू नव्हे. जुन्या शी-राने चित्रात श्रीमंती दाखवली आणि हालचालीत काटकसर केली. नव्या शी-राचं गणित उलटं आहे: खांदे सोपे केले, चेहरे गोल केले, आणि वाचलेली मेहनत चेहऱ्यावरच्या भावांत घातली.

तेव्हा नवं रूप बघताना पहिला प्रश्न हा विचारावा, की रेषा गेल्या त्याच्या बदल्यात काय आणलं? काहीच आणलं नसेल, म्हणजे रेषाही गेल्या आणि पात्रही लाकडासारखं उभं असेल, तर खुशाल नावं ठेवावीत. दुसरा प्रश्न: नेमकी कोणती रेषा गेली? रेषा कमी होणं आणि चुकीची रेषा जाणं यांतला फरक समजायला बॅटमनच्या जोकरइतकं चांगलं उदाहरण नाही.

१९९२ ची ‘बॅटमन: दि ॲनिमेटेड सिरीज’ हीच मुळात साधेपणावर उभी होती. तिच्या कर्त्यांपैकी ब्रूस टिम यांनी पात्रं ठोकळेबाज, थोड्या रेषांची केली, आणि एरिक रॅडोम्स्की यांनी पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवून घेतल्या. पांढऱ्या कागदावर अंधार रंगवत बसण्याऐवजी अंधार आयता घेतला आणि फक्त उजेड रंगवला. पुढे १९९७ च्या नव्या हंगामासाठी पात्रं आणखी सोपी केली. एक तर १९९६ च्या सुपरमॅन मालिकेशी ती जुळायला हवी होती, आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्ष ॲनिमेशन आशियातल्या स्टुडिओंत होत असल्यामुळे तिथल्या हातांना बरहुकूम काढता येईल असं चित्र हवं होतं. बॅटमनच्या छातीवरचा पिवळा लंबगोल गेला, निळा रंग गेला, राखाडी आणि काळा उरला. पिवळा लंबगोल दिसायला क्षुल्लक वाटतो. पण छाती वळली की तो लंबगोल तिच्याबरोबर नेमका आकसावा लागतो, आणि आतलं वटवाघूळही. दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्याचा हात जरा चुकला, तर चिन्ह छातीवर घरंगळताना दिसतं. ते काढणं शहाणपणाचं होतं आणि बॅटमनचं त्यात काही बिघडलं नाही, कारण बॅटमन ओळखू येतो तो कानांच्या टोकांवरून आणि झग्याच्या आकारावरून.

जोकरचं तसं झालं नाही. त्याचे लाल ओठ काढले आणि डोळ्यांत बुबुळाभोवतीचा भाग काढून काळे खड्डे ठेवले, आत एक पांढरा ठिपका. वाचलेल्या रेषा मोजल्या तर चारपाच. पण जोकर हे सगळं पात्रच तोंड आणि डोळे यांवर चालतं. ओठांना वेगळा रंग असला, की हसू दुरूनही वाचता येतं. तो काढल्यावर उरते ती दातांची पट्टी. आणि डोळ्याला बुबुळाभोवती जागाच नसली, तर तो तिरका बघतोय, डोळे फिरवतोय, की समोरच्याला जोखतोय, हे दाखवायचं कशाने? मान वळवून आणि भुवया ताणून. २००० साली ‘बॅटमन बियाँड: रिटर्न ऑफ द जोकर’ या चित्रपटासाठी त्याच चमूने जोकर पुन्हा घडवला, तेव्हा डोळ्यांतली ती जागा परत दिली. बाकीचा सोपेपणा ठेवला. आमच्या मते यात सगळा धडा आला: अंगावरची कापा, नजरेची कापू नका.

नजरेचा हा मुद्दा जुनाच आहे. १९२८ च्या मिकी माउसचे डोळे म्हणजे काळे लंबगोल. दशकभर ते पुरले, कारण मिकी उड्या मारत होता, विचार करत नव्हता. गोष्टी लांबल्या, त्याला लाजायचं, चोरून बघायचं काम आलं, तेव्हा डिस्नेचे ॲनिमेटर फ्रेड मूर यांनी १९३९ च्या सुमारास त्याला पांढरे डोळे आणि वेगळी बुबुळं दिली. म्हणजे तिथे रेषा वाढवल्या, कामापुरत्याच. आजच्या ठिपकेवाल्या पात्रांना हीच कसोटी लावा. मालिका अकरा मिनिटांच्या धुमाकुळाची असेल तर ठिपके पुरतात. दोन पात्रं बोलत बसली आहेत, एक खोटं बोलतंय आणि दुसऱ्याला ते कळलंय, असा प्रसंग असेल, तर ठिपके कमी पडतात, आणि मग लेखक ते संवादात सांगायला लागतो. चित्रातली काटकसर संवादांवर ओझं टाकते, ती अशी.

भरगच्च चित्रच घेतलं तर काय होतं, याचंही उदाहरण हवं. जपानच्या तोएई स्टुडिओने २०१४ मध्ये ‘सेलर मून क्रिस्टल’ काढली. १९९२ च्या जुन्या मालिकेतली गोलसर चित्रं सोडून मूळ चित्रकथेशी इमान राखायचं ठरलं: लांबसडक पाय, बारीक कंबर, डोळ्यांत थरावर थर, केसांच्या सुट्या बटा. जाहिरातीतली चित्रं अप्रतिम. मालिका मात्र जागोजाग बिघडली. एका दृश्यात हनुवटी लांब, पुढच्यात डोळे वेगवेगळ्या उंचीवर, दूरच्या दृश्यात चेहऱ्याचा पत्ताच नाही. महिन्याला दोनच भाग येत होते, तरी ही गत. पुढे डिस्कवर आणताना कितीतरी दृश्यं दुरुस्त करावी लागली. कारण सरळ आहे. गोल गालाच्या चेहऱ्यात डोळा दोन मिलिमीटर सरकला तर खपून जातं. लांबट, नाजूक चेहऱ्यात तेवढ्याने माणूसच बदलतो. २०१६ च्या तिसऱ्या हंगामात आकिरा ताकाहाशी यांनी पात्रं पुन्हा गोलसर आणि सोपी केली, आणि हालचालींत जीव आला. तिथे प्रेक्षकांनी सोपेपणाचं स्वागत केलं, हे आपल्याकडच्या चर्चेत कुणी सांगत नाही.

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ पाहिलेल्यांना २०१७ ची आवृत्ती कोनाकोनांची आणि सपाट वाटली. सपाट आहेच. पण १९८७ च्या मालिकेत तिघे पुतणे कपड्यांच्या रंगाखेरीज एकमेकांची छबी होते: लाल, निळा, हिरवा, संपलं. नव्यात तिघांचे कपडे वेगळ्या बेताचे, डोक्यावरचे तुरे वेगळे, उभं राहण्याची ढब वेगळी. टीव्हीचा रंग काढून टाकला तरी कोण कुठला ते कळतं. वर चित्रांना जुन्या छापील कॉमिकसारखे ठिपक्यांचे पोत दिले आणि अंकल स्क्रूजला लाल कोट चढवला. स्क्रूजचे जनक कार्ल बार्क्स यांच्या चित्रकथांना केलेला तो मुजरा. १९८७ चा निळा कोट ज्यांना ‘मूळ’ वाटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. अर्थात गंमत अशी की ज्याने त्याने आपण नऊ वर्षांचे असताना पाहिलेलं तेच मूळ धरायचं, हा जगाचा रिवाज आहे.

‘थंडरकॅट्स’चा २०२० चा अवतार, ‘थंडरकॅट्स रोअर’, याच्या बाजूने बोलणं आम्हाला जड जातं, पण तिथेही राग चित्रांवर निघाला आणि खरं कारण बाजूला राहिलं. २०१८ च्या मे महिन्यात नुसती घोषणा झाली आणि एकही भाग न बघता गदारोळ सुरू झाला. १९८५ ची साहसकथा अकरा मिनिटांची विनोदी मालिका झाली होती. चित्रं त्या जातीला साजेशीच होती. मोडला होता तो गोष्टीचा बाज. गंभीर गोष्टीला ती चित्रं दिली असती, तर चित्रकाराला दोष देता आला असता.

याच गदारोळात ‘कॅलआर्ट्स शैली’ हा शिक्का फार फिरला. कॅलिफोर्नियातल्या त्या कला संस्थेतून सगळे एकाच वळणाचे चित्रकार बाहेर पडतात, घेवड्याच्या दाण्यासारखं तोंड काढतात, असा आरोप. ‘ॲडव्हेंचर टाइम’ मालिकेचे कर्ते पेंडलटन वॉर्ड तिथले, हे खरं. पण ज्या ‘स्टीव्हन युनिव्हर्स’वर तो शिक्का हमखास मारला जातो, तिच्या कर्त्या रिबेका शुगर शिकल्या न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये. चेहरे सारखे दिसण्याचं कारण शाळेत कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त सापडतं.

पद्धत म्हणजे रिग. हल्ली बऱ्याच मालिकांत प्रत्येक चौकट हाताने काढत नाहीत. टून बूम हार्मनीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पात्र सुट्या तुकड्यांचं बांधतात: डोकं, पुढचे केस, मागचे केस, दोन भुवया, पापण्या, बुबुळं, आठदहा प्रकारची तोंडं, दंड, कोपराखालचा हात, पंजाच्या दहापंधरा मुद्रा. हे सगळं पाच बाजूंनी काढायचं: समोरून, पाऊण, बाजूने, मागून पाऊण, पाठीमागून. बांधणी पक्की असेल तर पुढचं काम झपाट्याने होतं. ती कुठे फसते ते सांगतो. कंबरेपर्यंतच्या दृश्यासाठी बांधलेला रिग तसाच मोठा करून चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यात वापरला, की बाह्यरेषा दोरखंडासारखी जाड होते. लांबच्या दृश्यात लहान केला, की तीच रेषा नाहीशी होते. जवळच्या दृश्यासाठी वेगळी चित्रं करायला हवीत. वेळ नसतो, म्हणून करत नाहीत. कोपरात दोन तुकडे जिथे मिळतात तिथे हात पूर्ण दुमडला, की खाच पडते. ती टाळायला कोपरच काढून टाकतात आणि हात रबरी नळी होतो. नळीचा हात नाचायला उत्तम. पण त्या हाताने पाण्याची बादली उचलायची झाली, तर वजन दिसत नाही, कारण वजन दिसतं ते ताणलेल्या सांध्यात. आणि समोरून बाजूला वळताना मधलं चित्र नसेल, तर चेहरा वळत नाही, नुसता बदलतो. घरच्या टीव्हीवर चौकट थांबवत बघितलं, तर हे सगळे दोष कुणालाही सापडतील.

प्रमाणाचाही एक घोळ असतो. खरा माणूस साडेसात डोकी उंच, वीरपुरुष आठ, मुलांच्या मालिकेतलं पात्र तीन किंवा अडीच. डोकं एवढं मोठं आणि हात आखूड झाले, की हात माथ्यापर्यंत पोचत नाही. टोपी काढणं, डोकं खाजवणं, केस विंचरणं, नमस्काराला हात कपाळाच्या वर नेणं, सगळं बंद. ‘पीनट्स’ या वर्तमानपत्री चित्रपट्टीतल्या चार्ली ब्राऊनची अडचण नेमकी ही होती. २०१५ मध्ये ब्लू स्काय स्टुडिओने त्याचा त्रिमित चित्रपट केला, तेव्हा त्यांनी पात्रांना हवं तसं फिरवायचा मोह टाळला. मूळ चित्रकार शुल्झ यांनी पट्टीत ज्या मोजक्या कोनांतून पात्रं काढली, तेच कोन घेतले, वळणं झटक्यात उरकली, आणि भुवया-तोंड पेनाने ओढल्यासारखेच ठेवले. साधं चित्र साधं ठेवण्यासाठी इतका खटाटोप करावा लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आला आहे. ‘लोटपोट’ मासिकातले मोटू-पतलू २०१२ मध्ये मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने त्रिमित करून टीव्हीवर आणले. त्रिमितीत रेषेचा खर्च नसतो, पुतळा एकदाच घडवायचा असतो. खर्च असतो तो केस आणि कापड हलवण्याचा. म्हणून तिथे केसांचा एकसंध गोळा करतात आणि कपडे अंगाला चिकटलेले ठेवतात. उद्या कुणी मराठी गोष्ट ॲनिमेशनमध्ये आणायची म्हटली, तर नऊवारी, फेटा, नथ, ठुशी यांचं काय करायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवावं लागेल. आमचं मत असं: लुगड्याच्या निऱ्या दोनतीन घड्यांवर आणाव्यात, काठ एकाच रंगाची सरळ पट्टी करावा, बुट्टे काढून टाकावेत. काष्टा मात्र जाऊ देऊ नये. बाई धावायला लागली, घोड्यावर बसली, तर नऊवारी ओळखू येते ती मागच्या काष्ट्यामुळेच. ठुशीचे मणी मोजत बसू नये, गळ्यालगत एक पिवळी पट्टी पुरे. फेट्याचे पीळ तीन, पण शेमला हवाच. तो मागे उडाला की धावण्याचा वेग आपोआप कळतो आणि त्यासाठी एकच तुकडा हलवावा लागतो.

नथीची गोष्ट निराळी आहे. बाजूचं चित्र एकदाच काढून ते आरशासारखं उलटवून दुसऱ्या दिशेला वापरायचं, ही रिगमधली नेहमीची बचत. उलटवलं, की डाव्या नाकपुडीतली नथ उजव्या नाकपुडीत जाते, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि मावळ्याची तलवार डाव्या हातात. परदेशी पात्रांत हे खपून जातं, कारण टी-शर्ट दोन्हीकडून सारखाच. आपल्या वेशात खपत नाही. पहिल्याच भागाला आजी बोट दाखवणार. नथ, पदर आणि शस्त्र सुरुवातीपासून वेगळ्या थरावर ठेवले आणि डावी-उजवी बाजू स्वतंत्र काढली, तर सुटतं. दोन आठवड्यांचं काम वाढतं, पण ते आधी केलं नाही, तर पुढे प्रत्येक दृश्यात निस्तरावं लागतं.

सोप्या चित्रांचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. १९७४ चा विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ आठवा. त्यातली मुलं, चिमण्या, शिकारी किती थोड्या रेषांत आहेत! त्या लघुपटाला कुणी बाळबोध म्हटल्याचं ऐकिवात नाही, कारण प्रत्येक आकार कामाला लावलेला आहे.

आपल्याकडे एक विनंती. आपल्या पुरवणीत ॲनिमेशन मालिकांची परीक्षणं येतात, त्यात आवाज देणाऱ्या कलाकारांची नावं ठळक असतात. पात्ररचना कुणाची आणि प्रत्यक्ष ॲनिमेशन कोणत्या स्टुडिओत झालं, ही दोन नावंही सोबत छापावीत. दोन्ही श्रेयनामावलीत असतात. ती समोर असली, तर पुढच्या वेळी पत्र लिहिणाऱ्याला नेमकं कळेल की राग रचना करणाऱ्यावर काढायचा, रिग बांधणाऱ्यावर, की दोघांना पुरेसा वेळ न देणाऱ्या निर्मात्यावर.

आपले,
ॲनिमेशनच्या कामातले काही वाचक, पुणे